जिल्हा कशाने मोजायचा?

२०१५ मध्ये केंद्र सरकारने उद्योगसुलभतेच्या निकषांवर राज्यांची पहिली क्रमवारी जाहीर केली. गुजरात पहिला, आंध्र प्रदेश दुसरा, झारखंड तिसरा, महाराष्ट्र आठवा. तोवर देशात आलेल्या एकूण थेट परकीय गुंतवणुकीचा सर्वांत मोठा वाटा मात्र महाराष्ट्राच्या खात्यावर जमा झाला होता. त्याआधी दोन वर्षे रघुराम राजन समितीने २८ राज्यांचा विकास मोजला होता आणि महाराष्ट्राला ‘तुलनेने विकसित’ सात राज्यांच्या पंगतीत बसवले होते. नीती आयोगाच्या २०२३-२४ च्या शाश्वत विकास निर्देशांकात महाराष्ट्राला १०० पैकी ७३ गुण आहेत. देशाचे गुण ७१, गोव्याचे ७७, तर केरळ आणि उत्तराखंडचे ७९.

राज्याच्या सीमेच्या आत शिरले की अंतर आणखी वाढते. २०१२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात मुंबईचा निर्देशांक ०.८४१ होता आणि नंदुरबारचा ०.६०४. एकाच राज्यातले हे दोन जिल्हे; पण त्यांच्यातली दरी किती, ती कशी भरायची आणि त्यासाठी पैसा कोणाला द्यायचा, यावर सत्तर वर्षे वाद चालू आहे. या वादात आता दोन नवे प्रश्न आले आहेत. आजची प्रगती उद्याच्या पिढीच्या वाट्यातून उचललेली तर नाही ना, हा पहिला. आणि हा प्रदेश स्वतःच्या बळावर कमावू शकेल का, हा दुसरा. पहिल्याला शाश्वत विकास म्हणतात, दुसऱ्याला स्पर्धाक्षमता. दोन्ही मोजण्याची धडपड जगभर चालली आहे. भारतात, आणि विशेषतः महाराष्ट्रात, ती कुठवर आली आहे याचा हा आढावा.

लोकसंख्येपासून अनुशेषापर्यंत

पहिली मोजपट्टी सोपी होती: डोकी मोजा. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने खर्चाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात करण्याचे आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष देण्याचे ठरवले. १९५६ मध्ये राज्यघटनेत आलेल्या कलम ३७१(२) ने विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद केली आणि समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकता येईल अशी सोय केली. राष्ट्रीय पातळीवर १९६९ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांचे सूत्र आले. त्यात ६० टक्के भार लोकसंख्येला होता. उरलेल्या ४० टक्क्यांत दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले मोठे सिंचन व वीज प्रकल्प आणि राज्यांचे खास प्रश्न यांना प्रत्येकी १० टक्के.

महाराष्ट्राने यापुढचे पाऊल १९८३ मध्ये टाकले. प्रादेशिक असमतोलाचा शोध घेण्यासाठी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. समितीची रीत थोडक्यात अशी. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास व मृदसंधारण आणि पशुवैद्यक सेवा अशी नऊ क्षेत्रे घ्यायची. प्रत्येकात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीखाली असेल त्याची तूट मोजायची आणि ती भरून काढायला लागणारा खर्च रुपयांत मांडायचा. या रकमेला ‘अनुशेष’ म्हटले गेले आणि हा शब्द मराठी राजकारणात कायमचा रुजला. एकूण अनुशेष निघाला ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा सुमारे २४ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा सुमारे ३७ टक्के होता.

हा शेवटचा आकडा अनेकांना खटकला. पुणे, मुंबई, कोल्हापूर ज्या भागात आहेत त्याचा अनुशेष मराठवाड्याहून जास्त कसा? उत्तर हिशेबाच्या रीतीत होते. एकक जिल्हा असल्यामुळे एका जिल्ह्याची सुबत्ता शेजारच्या जिल्ह्याच्या तुटीतून वजा होत नव्हती. कोकण किंवा अवर्षणप्रवण जिल्ह्यांची तूट ‘उर्वरित महाराष्ट्रा’च्या नावे तशीच्या तशी जमा झाली. अनुशेष प्रदेशाचा मोजायचा की जिल्ह्याचा, हा तेव्हाचा वाद आजही मिटलेला नाही. सरकारने हा अहवाल औपचारिकपणे स्वीकारला नाही. पुढच्या समित्यांनी मात्र त्याचीच चौकट वापरली. १९९४ मध्ये तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. राज्यपालांनी नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष १४,००६.७७ कोटी रुपये काढला.

दहा वर्षांत आकडा चौपटीहून जास्त झाला. काही वाटा महागाईचा होता, काही मोजणीच्या रीतीचाच. सरासरी ही स्थिर रेघ नसते. पुढारलेला जिल्हा आणखी पुढे गेला की सरासरी वर सरकते, आणि मागचा जिल्हा जागचा हलला असला तरी त्याची तूट वाढलेली दिसते. शिवाय हा हिशेब सोयींचा होता. रस्ता किती किलोमीटर, दवाखान्यात खाटा किती, हे कळत होते. त्या दवाखान्यात डॉक्टर असतो का आणि मुले जगतात का, हे कळत नव्हते.

सोयींकडून माणसाकडे

ही उणीव भरण्याचा मार्ग बाहेरून आला. १९९० मध्ये महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक सुरू झाला. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तीन गोष्टी एका आकड्यात आल्या. भारतात मध्य प्रदेशने १९९५ मध्ये राज्याचा पहिला मानव विकास अहवाल काढला; महाराष्ट्राचे अहवाल २००२ आणि २०१२ मध्ये आले. या मोजणीतून धोरणही निघाले. मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ मागास तालुके निवडले गेले. त्या तालुक्यांत खेड्यातल्या मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या एसटी गाड्या आजही ‘मानव विकास’ची गाडी म्हणून ओळखल्या जातात.

मे २०११ मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली समतोल प्रादेशिक विकासासाठी उच्चस्तरीय समिती नेमली गेली. २०१३ मध्ये तिने अहवाल दिला आणि डिसेंबर २०१४ मध्ये तो विधिमंडळात मांडला गेला. केवळ सोयींचा अनुशेष भरण्याऐवजी विकासातली एकूण तफावत पाहावी, पाणी आणि उत्पन्न यांना मध्यवर्ती स्थान द्यावे, अशी तिची दिशा होती. या दिशेबद्दल दोन मते पडली. एका बाजूचे म्हणणे असे की १९८४ चे निकष कालबाह्य झाले आहेत आणि नवा काळ नवे माप मागतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की जुना अनुशेष, विशेषतः सिंचनाचा, पुरता भरला गेलेला नसताना माप बदलले तर थकलेले देणेच वहीतून नाहीसे होईल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. अनुशेष हा आकडा असला तरी त्याला दाव्याचे बळ होते: त्याच्या आधारे राज्यपाल निधीवाटपाचे निर्देश देत. मानव विकासाच्या निर्देशांकाला असे कायदेशीर बळ कधीच नव्हते.

राष्ट्रीय पातळीवर राजन समितीत असाच पेच उभा राहिला. तिने दहा घटकांना समान भार देऊन निर्देशांक बनवला. त्यात ओडिशा सर्वांत मागे आणि बिहार त्याच्या लगेच वर होता. उत्पन्नाऐवजी समितीने दरडोई मासिक उपभोग खर्च घेतला होता. समितीतले बिहारचे अर्थतज्ज्ञ शैबाल गुप्ता यांनी त्याला असहमती नोंदवली. दरडोई उत्पन्न घ्यावे असा त्यांचा आग्रह होता. कारण उघड आहे. गरीब आणि श्रीमंत राज्यांतली खर्चाची तफावत उत्पन्नाच्या तफावतीपेक्षा कमी असते. दहातला एक निर्देशक बदलला तरी सर्वांत मागास कोण याचे उत्तर बदलू शकते, आणि उत्तरामागे निधी असतो.

सतरा ध्येये, एक गुण

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ शाश्वत विकास ध्येये आणि त्यांखालची १६९ लक्ष्ये मान्य केली, मुदत २०३०. नीती आयोगाने २०१८ पासून राज्यांना त्यांवर गुण द्यायला सुरुवात केली. प्रत्येक निर्देशकावर लक्ष्यापासूनचे अंतर ० ते १०० या पट्टीवर आणायचे, मग सरासरी काढायची. देशाचे गुण २०१८ मध्ये ५७, २०१९-२० मध्ये ६०, २०२०-२१ मध्ये ६६ आणि २०२३-२४ मध्ये ७१ झाले. उत्तर प्रदेश पहिल्या वर्षी ४२ गुणांवर होता, तो ६७ वर पोहोचला.

या चढत्या रेषेकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. समर्थक सांगतात की क्रमवारीमुळे मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत स्वच्छतागृहे, गॅसजोडण्या आणि वीज यांचे आकडे येऊ लागले, खाती एकमेकांशी बोलू लागली. टीकाकार निर्देशकांच्या संख्येकडे बोट दाखवतात. २०१८ मध्ये १३ ध्येयांखाली ६२ निर्देशक होते, पुढच्या आवृत्तीत १००, मग ११५, आणि २०२३-२४ मध्ये ११३. पट्टीच बदलत गेली तर दोन वर्षांच्या गुणांची वजाबाकी करताना जपून राहायला हवे. वर्गवारीचाही प्रश्न आहे: ६५ च्या वर गेलेले राज्य ‘आघाडीवर’ धरले जाते, आणि २०२३-२४ मध्ये ३२ राज्ये व केंद्रशासित प्रदेश आघाडीवर होते. इतके जण आघाडीवर असताना मागे कोण, हे त्या वर्गवारीतून कळत नाही. स्त्री-पुरुष समानतेचे राष्ट्रीय गुण त्याच अहवालात ४९ आहेत. सरासरीत ते दिसत नाहीत.

जिल्ह्यापर्यंत हे काम अजून अर्धेच पोहोचले आहे. ईशान्येकडील जिल्ह्यांसाठी २०२१ मध्ये वेगळा निर्देशांक निघाला आणि २०२५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. देशव्यापी पातळीवर मात्र जिल्ह्यांचे मोठे मोजमाप झाले ते आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात ११२ जिल्हे आहेत. महाराष्ट्रातले चार: नंदुरबार, वाशीम, धाराशिव आणि गडचिरोली. आरोग्य-पोषण आणि शिक्षण यांना प्रत्येकी ३० टक्के भार, शेती-पाण्याला २०, वित्तसमावेशन-कौशल्य आणि पायाभूत सुविधा यांना प्रत्येकी १०. क्रमवारी पातळीवर नाही, महिन्यागणिक झालेल्या सुधारणेवर ठरते. त्यामुळे तळातला जिल्हाही पहिला येऊ शकतो आणि जिल्हाधिकाऱ्याला हुरूप येतो. अडचण अशी की ज्याची परीक्षा, त्याच्याच हाती बरेचसे आकडे भरण्याचे काम असते. म्हणूनच आयोगाने काही निर्देशकांची त्रयस्थ पाहणीतून पडताळणी करून घेतली.

कमावण्याची ताकद

स्पर्धाक्षमतेची चर्चा याला समांतर पण वेगळ्या दालनात वाढली. १९९० मध्ये मायकेल पोर्टर यांनी राष्ट्रांच्या स्पर्धात्मक बलस्थानांवर ग्रंथ लिहिला आणि उत्पादकता, उद्योगांचे पुंजके, कुशल मनुष्यबळ या भाषेत प्रदेशांकडे पाहिले जाऊ लागले. चारच वर्षांत पॉल क्रुगमन यांनी त्यावर तिखट आक्षेप घेतला. देश कंपन्यांसारखे एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत, एकाच्या भरभराटीने दुसरा बुडत नाही, आणि स्पर्धेचा ध्यास धोरण बिघडवतो, असे त्यांचे म्हणणे होते. प्रदेशांच्या बाबतीत काहीजण पोर्टर यांच्या बाजूने थोडे झुकतात. देशांतर्गत भांडवल आणि माणसे मोकळेपणाने हलतात, त्यामुळे एखादा प्रदेश खरोखर ओस पडू शकतो. पश्चिम बंगालचे उदाहरण पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या २०२४ च्या टिपणात आहे: देशाच्या उत्पन्नातला त्याचा वाटा १९६०-६१ मध्ये १०.५ टक्के होता, तो ५.६ टक्क्यांवर आला. महाराष्ट्र आजही १३.३ टक्क्यांसह पहिला आहे. पण त्याचाही वाटा पूर्वी १५ टक्क्यांहून अधिक होता.

भारतात या मोजणीचे सर्वांत गाजलेले रूप म्हणजे सुरुवातीला उल्लेख केलेली उद्योगसुलभता क्रमवारी. ती परवाने, तपासण्या, एक खिडकी योजना अशा सुधारणा किती केल्या ते पाहत असे. कागदावरची सुधारणा आणि प्रत्यक्ष गुंतवणूक यांत अंतर पडले, ते झारखंड आणि महाराष्ट्राच्या क्रमांकांत दिसले. गुंतवणुकीचा आकडाही स्वच्छ नाही. परकीय भांडवल मुख्यालयाच्या पत्त्यावर नोंदले जाते. कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात असला तरी नोंद मुंबईची होऊ शकते. जागतिक बँकेने आकड्यांतील गैरप्रकारांनंतर २०२१ मध्ये आपला जागतिक उद्योगसुलभता अहवाल बंद केला. भारतानेही २०२० च्या फेरीपासून क्रमांक देणे थांबवून राज्यांचे गट पाडले.

महाराष्ट्राची स्वतःची एक जुनी मोजपट्टी मात्र कारखानदारांना तोंडपाठ असते. १९६४ पासून चालत आलेल्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांची औद्योगिक विकासानुसार अ, ब, क, ड, ड+ अशी वर्गवारी होते. ‘विनाउद्योग’ जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग वेगळे काढले जातात. तालुका जितका मागास, तितकी सवलत मोठी. ही मोजणी कोणत्याही निर्देशांकाइतकी गाजत नाही, पण तिच्यावर पैशाचे निर्णय होतात. सवलती देऊनही उद्योग पुणे-ठाणे-रायगड पट्ट्यातच का एकवटले, या प्रश्नावर अभ्यासक दोन तऱ्हेची उत्तरे देतात. काहींच्या मते सवलत अपुरी आहे. काहींच्या मते सवलत मोजते ते उद्योगाचा अभाव, पण उद्योगाला हवे असते बंदर, पुरवठादार आणि कसबी कामगार. ते या वर्गवारीत मोजलेच जात नाही.

युरोपने हा गुंता थोडा वेगळ्या रीतीने हाताळला आहे. युरोपीय आयोगाचा प्रादेशिक स्पर्धाक्षमता निर्देशांक २०१० पासून दर तीन वर्षांनी येतो. संस्था, पायाभूत सुविधा, आरोग्य, शिक्षण, श्रमबाजार, नवोन्मेष असे ११ स्तंभ त्यात आहेत. दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, प्रदेशाच्या विकासाच्या टप्प्यानुसार भार बदलतात. मागास प्रदेशात पायाभूत गोष्टींना जास्त महत्त्व, पुढारलेल्या प्रदेशात नवोन्मेषाला. दोन, ब्रसेल्स, बर्लिन, व्हिएन्ना अशा राजधान्या त्यांच्या ये-जा करणाऱ्या उपनगरांसह एकत्र मोजल्या जातात. २०२२ च्या फेरीत नेदरलँड्समधला उट्रेख्ट पहिला आला. आणि निधी? तो या निर्देशांकावर वाटला जात नाही. दरडोई उत्पन्न युरोपीय सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली असलेल्या प्रदेशांना मोठी मदत, हा वेगळा आणि सोपा निकष आहे. निदानाचे माप आणि वाटपाचे माप तिथे निराळे ठेवले आहे. पर्यावरणाचा स्तंभ मात्र त्या ११ मध्ये नाही.

जंगल, पाणी, खाण

शाश्वतता आणि स्पर्धाक्षमता एकत्र मोजायची वेळ आली की खरी कसोटी लागते. गडचिरोलीचा सुमारे ७० टक्के भूभाग वनाच्छादित आहे. जवळपास प्रत्येक जुन्या मोजणीत हा जिल्हा तळाशी आहे. आता एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या लोहखनिजाचे उत्खनन चालू आहे आणि कोनसरीला पोलाद प्रकल्प उभा राहिला आहे. जिल्ह्याचे उत्पन्न यामुळे वाढणार. पण खनिज एकदा काढले की परत येत नाही, आणि उत्पन्नाच्या हिशेबात ही वजावट कुठेच होत नाही. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून तिने स्वतःचा बांबू विकला. जंगल राखून आलेले हे उत्पन्न, आणि जंगल बाजूला सारून आलेले उत्पन्न, दोन्ही रुपयांत सारखेच दिसतात.

गोव्यात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची अंतरिम मर्यादा घातली आणि खनिज विक्रीतून कायमस्वरूपी निधी उभारायला सांगितले. पुढच्या पिढ्यांचा वाटा राखण्याचा विचार त्यामागे होता. २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. खाणी बंद झाल्याने रोजगार गेले आणि उत्पन्न घटले, हे खरे. पण त्याआधीच्या तेजीत गोव्याची किती संपत्ती कमी झाली, याचा आकडा उत्पन्नाच्या तक्त्यात नव्हता.

हरित राष्ट्रीय हिशेबाची कल्पना भारताला नवी नाही. पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये त्याची रूपरेषा दिली आणि सांख्यिकी मंत्रालय २०१८ पासून पर्यावरणाचे स्वतंत्र हिशेब प्रसिद्ध करते. वित्त आयोगांनीही वाट थोडी मोकळी केली. चौदाव्या आयोगाने राज्यांच्या वाट्यात वनक्षेत्राला ७.५ टक्के भार दिला, पंधराव्याने तो १० टक्के केला. हा भार राज्याला मिळतो. राज्याच्या आत, जंगल राखणाऱ्या जिल्ह्यापर्यंत तो पोहोचवण्याची अशी रीत महाराष्ट्रात नाही.

लातूरने आणखी एक कोडे घातले आहे. शिक्षणातल्या ‘लातूर पॅटर्न’मुळे हे शहर राज्यभर प्रसिद्ध, आणि एप्रिल २०१६ मध्ये याच शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावे लागले. साध्या सरासरीत शिक्षणाचे चांगले गुण पाण्याचे वाईट गुण झाकून टाकतात. मानव विकास निर्देशांकाने याच कारणासाठी २०१० मध्ये अंकगणिती सरासरी सोडून भूमितीय सरासरी घेतली. तिच्यात एका अंगाची कमतरता दुसऱ्याने सहज भरून निघत नाही. नीती आयोगाच्या निर्देशांकात अजून साधीच सरासरी आहे.

एक आकडा की अनेक

अभ्यासकांत इथे दोन तट आहेत. एका तटाचे म्हणणे: एक आकडा ढोबळ असतो, पण तोच वर्तमानपत्रात छापला जातो, विधानसभेत विचारला जातो. दरडोई उत्पन्नाच्या ढोबळ आकड्याला तितक्याच ढोबळ पण माणसाकडे पाहणाऱ्या आकड्यानेच टक्कर देता येईल, असा महबूब उल हक यांचा युक्तिवाद होता.

दुसऱ्या तटावर जागतिक बँकेचे मार्टिन रॅव्हॅलियन होते. २०१० मध्ये त्यांनी अशा निर्देशांकांना ‘खिचडी’ ठरवले. भार कोणी, कशाच्या आधारावर ठरवले हे सांगता येत नाही, आणि एका घटकाच्या बदल्यात दुसरा किती द्यायचा याचा हिशेब आत दडून राहतो, हा त्यांचा आक्षेप. स्टिग्लिट्झ, सेन आणि फितुसी यांच्या आयोगानेही २००९ मध्ये शाश्वततेसाठी वेगळा फलक सुचवला. गाडीचा वेग आणि टाकीतले इंधन यांची बेरीज करून एकच आकडा दाखवला तर चालकाला काहीच कळणार नाही, असा त्यांचा दाखला होता.

तिसरी वाट उत्पन्न पूर्णपणे बाजूला ठेवण्याची आहे. डिसेंबर २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेसाठी तयार झालेल्या सामाजिक प्रगती निर्देशांकात उत्पन्न मोजलेच नाही. त्यात पुदुच्चेरी, लक्षद्वीप आणि गोवा वर आले, जिल्ह्यांत ऐझॉल, सोलन आणि सिमला. मुंबई-पुण्याला उत्पन्नाचे बळ असूनही डोंगराळ छोट्या जिल्ह्यांनी मागे टाकले. याला काहीजण या निर्देशांकाचे यश मानतात. काहींना शंका येते की महानगरांचे प्रश्न मुळातच वेगळे असताना सर्वांना एकाच यादीत उभे करणे कितपत योग्य.

आकडे येतात कुठून

सूत्रांवर इतका वाद होत असताना कच्च्या मालाकडे कमी लक्ष जाते. जिल्ह्याचे उत्पन्न थेट मोजले जात नाही. शेतीसारख्या क्षेत्रांत स्थानिक उत्पादनाचे आकडे मिळतात. पण बँका, रेल्वे, प्रशासन अशा सेवांचे राज्याचे आकडे कामगारसंख्या किंवा तत्सम निकषांवर जिल्ह्यांत वाटून दिले जातात. म्हणजे दोन जिल्ह्यांतल्या फरकाचा काही भाग मोजलेला असतो आणि काही वाटलेला.

दुसरा प्रश्न जागेचा. उत्पन्न जिथे तयार होते तिथे मोजले जाते, कमावणारा राहतो तिथे नाही. पहाटेची लोकल पकडून पालघर-ठाण्याहून मुंबईला जाणाऱ्याचे काम मुंबईच्या उत्पन्नात येते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पिढ्यान्‌पिढ्या मुंबईहून येणाऱ्या पैशावर घरे उभी राहिली. साक्षरता आणि आरोग्य यांत हे जिल्हे बरे दिसतात आणि उत्पादनात मागे. त्यांना मागास म्हणायचे की नाही, हे माप ठरवते.

आरोग्य आणि दारिद्र्य यांचे जिल्हावार आकडे मुख्यतः राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून येतात. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांतली ६,३६,६९९ कुटुंबे होती, म्हणजे जिल्ह्यामागे सुमारे ९००. जिल्ह्याची सरासरी काढायला हे पुरते. तालुका किंवा जातसमूह पाहायचा झाला तर अपुरे पडते. बहुआयामी दारिद्र्य २०१५-१६ मध्ये २४.८५ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आले, हा गाजलेला निष्कर्ष याच पाहणीवर उभा आहे. दरडोई काढायला लागणारी लोकसंख्या मात्र २०११ च्या जनगणनेवरून अंदाजलेली आहे. पालघर जिल्हा तर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. त्या जनगणनेच्या वेळी तो अस्तित्वातच नव्हता.

काय उरले आहे

काही प्रश्न येत्या वर्षांत हलके होण्याची शक्यता आहे. जानेवारी २०२५ पासून श्रमबल पाहणीचा आराखडा बदलून त्यात जिल्हा हे मूळ एकक धरले गेले आहे, त्यामुळे रोजगाराचे जिल्हावार आकडे सुधारू शकतात. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तिचे तक्ते आले की दरडोईचा छेद नव्याने मिळेल. महाराष्ट्रात २०२२ मध्ये स्थापन झालेली ‘मित्रा’ ही संस्था जिल्ह्याला विकासाचे एकक मानून जिल्हावार आराखड्यांवर काम करते आहे.

इतर प्रश्न आकड्यांनी सुटणारे नाहीत. वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. त्यांच्यासोबत अनुशेषाचा अधिकृत हिशेब ठेवणारी जागाही रिकामी झाली, आणि आकांक्षित जिल्ह्यांची क्रमवारी तिची जागा घेऊ शकत नाही, कारण तिच्यामागे वाटपाचे बंधन नाही. एकक जिल्हा की तालुका, सरासरी राज्याची की ठरलेल्या किमान पातळीची, भार तज्ज्ञांनी ठरवायचे की विधिमंडळाने, या तीन मुद्द्यांवर दांडेकरांच्या काळातले मतभेद आजही जवळपास तसेच आहेत.

नवा मतभेद त्यांत मिसळला आहे तो पर्यावरणाचा. खाणीमुळे गडचिरोलीचे दरडोई उत्पन्न राज्याच्या सरासरीजवळ आले, तर प्रोत्साहन योजनेतला त्याचा वर्ग बदलेल का, अनुशेष कमी झाला असे धरले जाईल का, आणि घटलेले जंगल कोणत्या रकान्यात लिहिले जाईल? आज प्रचलित असलेल्या निर्देशांकांपैकी एकही या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र देत नाही. ती एकाच मापात बसवावीत, की युरोपप्रमाणे निदान, वाटप आणि पर्यावरण यांचे हिशेब वेगळे ठेवून त्यांचा परस्परसंबंध कायद्याने ठरवावा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. २०३० ची मुदत जवळ येत असताना राज्य सरकारनेही यांतला कोणता मार्ग घ्यायचा हे अजून ठरवलेले नाही.